कातळातील चाळण्या

पॅरामॅटा नदी सिडनीच्या बंदराकडे वाहत जात असता डक नदी तिला जेथे येऊन मिळते, त्या संगमालगतच्या कॅमेलिया नावाच्या भूभागावर तेलाच्या प्रचंड टाक्यांच्या रांगा उभ्या आहेत. हॅरिस पार्क, वेस्टमीड, वेंटवर्थव्हिल या आसपासच्या उपनगरांत मराठी कुटुंबांची आता चांगली वस्ती झाली आहे; परंतु तिकडे पाऊल वळविण्याचे त्यांना सहसा कारण पडत नाही. या टाक्यांच्या सान्निध्यात क्लाइडचा तेलशुद्धीकरण कारखाना होता. १९२८ साली तो शेल कंपनीच्या मालकीचा झाला, आणि २०१२ साली त्यातील शुद्धीकरणाचे काम कायमचे थांबून, जहाजांनी आलेले तयार इंधन साठविण्याचे व वाटण्याचे तेवढे ठाणे मागे राहिले. दोन वर्षांनी सिडनीतल्याच कर्नेलचा कारखानाही त्याच मार्गाने गेला, आणि न्यू साउथ वेल्सच्या साऱ्या राज्यात कच्चे तेल शुद्ध करणारा मोठा कारखाना उरला नाही. आशियातील नव्या, अवाढव्य कारखान्यांपुढे जुन्यांचा निभाव लागला नाही, हे त्याचे व्यापारी कारण सर्वश्रुत आहे. मला येथे बोलायचे आहे ते अशा कारखान्यांच्या पोटातील एका खर्चाविषयी, जो जुन्यालाही चुकला नाही आणि नव्यालाही चुकत नाही, आणि ज्याच्यावरचा एक स्वस्त उपाय, निदान काही कामांपुरता तरी, आपल्या सह्याद्रीच्या कातळात पडून असताना आपण त्याची खडी करीत आलो आहोत.

तो खर्च म्हणजे एकत्र असलेले वेगळे करण्याचा खर्च. खनिज तेल आणि नैसर्गिक वायू ही असंख्य हायड्रोकार्बनांची मिश्रणे होत, आणि मनुष्याला त्यांतील प्रत्येक घटक निराळ्या कामासाठी निराळा हवा असतो. तो निराळा काढण्याची जगन्मान्य रीत ऊर्ध्वपातनाची: मिश्रण तापवावे, वाफ उंच मनोऱ्यात चढू द्यावी, आणि ज्याचा उत्कलनबिंदू जेथे येईल तेथे तो घटक काढून घ्यावा. उत्कलनबिंदूंत पुष्कळ अंतर असले म्हणजे हे काम सुकर होते. पण एथिलीन उकळते उणे १०४ अंश सेल्सियसच्या सुमारास आणि त्याचा सोबती इथेन उणे ८९ अंशांच्या सुमारास, प्रोपिलीन उणे ४८ आणि प्रोपेन उणे ४२. आणि जेथे अशा थोड्या अंशांच्या फरकावर दोन वायूंची फारकत करावयाची असते तेथे शंभराहून अधिक थरांचे मनोरे, मोठा दाब आणि भयंकर थंडी यांची तजवीज करावी लागते. रायगड जिल्ह्यात नागोठण्याला इथेन आणि प्रोपेन यांवर चालणारा जो प्रकल्प आहे त्यासारख्या प्रत्येक ठिकाणी हा खर्च रात्रंदिवस चालू असतो. २०१६ साली डेव्हिड शॉल आणि रायन लाइव्हली या दोन शास्त्रज्ञांनी ‘नेचर’ या नियतकालिकात मांडलेल्या हिशेबाप्रमाणे, एथिलीन आणि प्रोपिलीन शुद्ध करण्याच्या एवढ्या एका कामात जगातील एकूण ऊर्जेपैकी ०.३ टक्के ऊर्जा जाते, म्हणजे जवळजवळ सिंगापूरच्या साऱ्या राष्ट्राला वर्षभर पुरावी इतकी. ऊर्ध्वपातनासह फारकतीच्या सर्व प्रकारच्या प्रक्रियांचा वाटा तर त्यांनी १० ते १५ टक्क्यांच्या घरात धरला आहे. पृथ्वीच्या तापमानाची चिंता करणाऱ्या सभा-परिषदांत मोटारींचा आणि विजेचा जितका ऊहापोह होतो त्याच्या शतांशानेही या खर्चाचा होत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

उष्णतेवाचून फारकत करण्याचा एक मार्ग निसर्गाने फार पूर्वीच घालून ठेवला आहे. ज्वालामुखीच्या राखेत किंवा लाव्ह्याच्या पोकळ्यांत पाण्याच्या आणि क्षारांच्या सहवासाने जी झिओलाइट वर्गातील खनिजे तयार होतात, त्यांचा सांगाडा सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांच्या अणूंनी रचलेला असून त्याच्यामधून अतिसूक्ष्म, परंतु एकाच मापाच्या वाटा आरपार गेलेल्या असतात. या वाटांत सामान्यतः पाणी भरलेले असते, आणि दगड तापवला म्हणजे ते फसफसत बाहेर पडते. स्वीडनच्या क्रोनस्टेट या खनिजशास्त्रज्ञाने १७५६ साली हा प्रकार पाहून या खनिजांचे बारसे केले. पाणी निघून गेल्यावर मोकळ्या झालेल्या वाटांत दुसरे रेणू शिरून आतल्या भिंतींना चिकटून राहू शकतात. या चिकटून राहण्याला शास्त्रात अधिशोषण म्हणतात. परंतु येथे खरी मौज चिकटण्यापेक्षा शिरण्यात आहे, कारण वाटेच्या तोंडापेक्षा जो रेणू मोठा, त्याला आत प्रवेशच नाही. वायगेल आणि स्टाइनहॉफ या जर्मन शास्त्रज्ञांनी १९२५ साली दाखविले की चॅबाझाइट हे खनिज पाणी, मिथेनॉल, इथेनॉल हे सारे आत घेते, पण ॲसिटोन, ईथर आणि बेंझीन यांना दारातूनच परत पाठविते. पुढे १९३२ साली मॅकबेन या शास्त्रज्ञाने अशा पदार्थांना रेणूंच्या चाळण्या हे जे नाव दिले ते आजतागायत चालत आले आहे.

या चाळण्यांनी हायड्रोकार्बन वेगळे करता येतील हे शास्त्रीय पायावर सिद्ध करणारा पुरुष या दक्षिण गोलार्धातलाच होता. रिचर्ड बॅरर यांचा जन्म १९१० साली न्यूझीलंडमधील वेलिंग्टन येथे झाला, शिक्षण क्राइस्टचर्चला आणि पुढे केंब्रिजला झाले, आणि झिओलाइटांच्या अभ्यासात त्यांनी आपले अवघे आयुष्य वेचले. त्यांच्या प्रयोगांचे मर्म सामान्य वाचकालाही समजण्यासारखे आहे. कार्बनचे अणू एका ओळीत जोडले गेले म्हणजे सरळ साखळीचा रेणू होतो, आणि त्याच संख्येचे अणू फांदी फुटल्याप्रमाणे जोडले गेले म्हणजे शाखायुक्त रेणू होतो. दोहोंचे वजन तेच, उत्कलनबिंदूही बरेच जवळचे, पण जाडी निराळी. सरळ साखळीच्या ब्यूटेनची जाडी ०.४३ नॅनोमीटरच्या आसपास, आणि शाखायुक्त आयसोब्यूटेनची ०.५ नॅनोमीटर. एवढ्याशा फरकावर चॅबाझाइट सरळांना सावकाश का होईना आत घेतो, आणि शाखायुक्तांना व वलयाकृतींना बाहेर ठेवतो. ही फारकत केवळ प्रयोगशाळेची करमणूक नव्हे. पेट्रोलच्या इंजिनात सरळ साखळीचे हेक्झेन जेमतेम २५ ऑक्टेनचे ठरते, आणि त्याच्याच शाखायुक्त भावंडांपैकी काही ९० च्या पलीकडे जातात, तेव्हा चांगल्या पेट्रोलची किंमत बरीचशी या निवडीवर अवलंबून असते. उलट कपडे धुण्याच्या पावडरीला लागणारे रसायन करण्यासाठी रॉकेलमधून नेमके सरळ साखळीचेच रेणू काढून घ्यावे लागतात, कारण शाखायुक्त रेणूंपासून केलेले रसायन नदीतल्या जिवाणूंना पचत नाही आणि पाण्यावर फेसाचे डोंगर उभे राहतात, हा अनुभव पाश्चात्त्य देशांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर घेतला आहे.

बॅरर यांनी १९४५ च्या सुमारास ही वाट मोकळी करून दिल्यावर नैसर्गिक खनिजाचा जो विजय व्हावयास हवा होता तो झाला नाही. १९४९ च्या आगेमागे अमेरिकेतील युनियन कार्बाइड कंपनीच्या रॉबर्ट मिल्टन यांनी प्रयोगशाळेत झिओलाइट घडविण्याची सोपी रीत शोधून काढली, आणि कारखान्यांना हवी तेवढी, हव्या त्या मापाची, प्रत्येक पोत्यात सारख्या गुणाची कृत्रिम चाळणी मिळू लागली. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून सरळ हायड्रोकार्बन वेगळे करण्याचे काम या कृत्रिम चाळण्यांनीच चालविले आहे. भोर घाटाच्या पायथ्याशी पाताळगंगेच्या काठी धुलाईच्या पावडरीचे रसायन तयार होते, आणि या धंद्यात रॉकेलमधून सरळ रेणू निवडण्यासाठी जी चाळणी वापरण्याचा प्रघात आहे ती घडविलेली असते. वरच्या डोंगरात निसर्गाची चाळणी आणि खालच्या खोऱ्यात माणसाची, असा हा योग आहे. शुद्धता आणि सातत्य या दोन गोष्टी जेथे निर्णायक आहेत तेथे कारखान्यांनी कृत्रिमाची निवड केली यात मला काही गैर वाटत नाही. चूक झाली ती पुढची: जे मोठ्या कारखान्याला योग्य ते सर्वांनाच योग्य, असे आपण गृहीत धरून बसलो.

वस्तुतः निसर्गाच्या दगडाने हे काम केल्याची उदाहरणे आहेत. अमेरिकेत ॲरिझोना प्रांतातील बोई गावाजवळचे चॅबाझाइट खणून, आम्लयुक्त नैसर्गिक वायू कोरडा व स्वच्छ करण्यासाठी ते युनियन कार्बाइडनेच विकले. आम्ल सहन करण्यात ते त्या काळच्या कृत्रिम मालापेक्षा सरस होते. १९७५ साली लॉस एंजेलिसजवळ पालोस व्हर्डेस येथे कचऱ्याच्या डेपोतून निघणाऱ्या वायूतील कार्बन डायऑक्साइड नैसर्गिक झिओलाइटच्या थरात अडकवून मिथेन शुद्ध करण्याचा आणि तो इंधन म्हणून पुरविण्याचा प्रकल्प उभा राहिला. कार्बन डायऑक्साइडचा रेणू मिथेनपेक्षा लहान, शिवाय खनिजातील धनभारित अणूंकडे अधिक ओढला जाणारा. तेव्हा दाबाखाली तो आत जाऊन बसतो, दाब काढला म्हणजे बाहेर येतो, आणि तोच थर पुन्हा कामाला लागतो. झिओलाइटच्या वर्गाबाहेर पाहिले तरी, मुलतानी मातीच्या जातीच्या मृत्तिकांनी तेलाचा रंग काढणे, वीजकेंद्रातील ट्रान्सफॉर्मरचे जुने तेल पुन्हा वापरण्याजोगे करणे, विमानाच्या इंधनातील मळ काढणे, ही कामे जगभर आजही चालू आहेत. ऑस्ट्रेलियाने तर अंटार्क्टिकावरील आपल्या केसी ठाण्यात सांडलेले इंधन जमिनीतून समुद्राकडे झिरपू नये म्हणून जो गाळणारा बांध घातला, त्यात इंधन धरून ठेवण्यासाठी कोळसा आणि ते खाणाऱ्या जिवाणूंना पोषण पुरविण्यासाठी झिओलाइट अशी जोड योजली होती.

पॅरामॅटाहून उत्तरेकडे सुमारे चारशे किलोमीटरवर वेरिस क्रीक नावाचे रेल्वेचे गाव आहे. त्या भागात कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या राखेचे जाड थर क्लिनॉप्टिलोलाइट या झिओलाइटात रूपांतरित झाले आहेत; ते उघड्या खाणीतून काढून, दळून, चाळून, शेतीला, जनावरांच्या खाद्याला आणि पाणी गाळण्याला विकले जातात. कोणत्या थरात किती टक्के खनिज आहे, त्याची आयन बदलण्याची क्षमता किती, दाणा केवढा, हे सर्व पोत्यावर लिहून मिळते. याच्या उलट प्रकार पॅरामॅटाच्या पश्चिमेस प्रॉस्पेक्टच्या टेकडीत घडला. तेथल्या डोलेराइटच्या फटींत प्रेहनाइट आणि काही झिओलाइट सापडत. संग्राहकांनी त्यांचे नमुने जपले, पण टेकडी रस्त्यांच्या खडीसाठी पोखरली गेली आणि आता तेथे घरे व गुदामे उभी आहेत.

आपल्या महाराष्ट्राची गत वेरिस क्रीकची नसून प्रॉस्पेक्टची आहे, आणि ती फार मोठ्या प्रमाणावर आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेला दख्खनचा काळा कातळ सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर पसरला आहे, आणि त्याच्या पोकळ्यांत स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट, मेसोलाइट, चॅबाझाइट, मॉर्डेनाइट यांचे जे वैभव आहे त्याला जगात तोड नाही. एकोणिसाव्या शतकात भोर घाटात रेल्वेसाठी बोगदे खणताना निघालेले स्फटिक विलायतेच्या संग्रहालयांत जाऊन बसले. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींतील निळे कॅव्हान्साइट आणि पाषाण भागातील हिरवे ॲपोफिलाइट यांची नावे परदेशच्या संग्राहकांच्या ओठांवर असतात, आणि नाशिकजवळ सिन्नर येथील गारगोटी संग्रहालयाने ही संपत्ती आपल्याच लोकांना पाहण्याची सोय करून दिली, याबद्दल त्या संस्थेचे ऋण मानले पाहिजे. परंतु या दर्शनी तुकड्यांव्यतिरिक्त उरलेल्याचे काय होते? सुरुंग उडतो, डबर क्रशरकडे जाते, स्वामित्वधन ब्रासवर मोजले जाते, आणि खडकाच्या पोटातील खनिज रस्त्याच्या खडीत व कचात मिसळून जाते. कोणत्या थराला पोकळ्या अधिक आणि त्यांत खडे कसले, हे खाणीवर पिढ्यान्‌पिढ्या घण चालविणाऱ्या वडार कारागिरांना पुरते ठाऊक असते. ते ज्ञान सरकारी दप्तरात उतरवून घेण्याचे कोणी मनावर घेत नाही.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे, नाहीतर हा लेख म्हणजे स्वदेशाच्या दगडाची भाबडी स्तुती ठरेल. वेरिस क्रीकचे खनिज थरांत आहे, आपले पोकळ्यांत विखुरलेले आहे. म्हणून आपल्याकडे केवळ झिओलाइटसाठी खाण खोदणे परवडणार नाही, जे मिळवायचे ते खडीच्या धंद्याचे उपउत्पादन म्हणूनच मिळवावे लागेल. दुसरी अडचण गुणाची आहे. ह्यूलँडाइट आणि क्लिनॉप्टिलोलाइट यांचा सांगाडा एकच, पण क्लिनॉप्टिलोलाइट सुमारे ७०० अंशांपर्यंत तग धरतो, तर सिलिकॉन कमी असलेल्या ह्यूलँडाइटचा सांगाडा त्याच्या कितीतरी आधी कोसळतो. स्टिल्बाइटही तापवणे फारसे सोसत नाही. आपल्याकडे ही दोन खनिजे विपुल, आणि उष्णतेला टिकणारी चॅबाझाइट व मॉर्डेनाइट त्या मानाने थोडी. मात्र ह्यूलँडाइटमधील कॅल्शियमच्या जागी पोटॅशियम घातले असता त्याची सहनशक्ती वाढते, हे शास्त्राला अवगत आहे. आणि जेथे दाबाच्या चढउतारावर काम भागते तेथे प्रत्येक फेरीला भट्टीची गरजही पडत नाही. हे सारे प्रश्न मापून सुटणारे आहेत, आणि आपल्या तक्रारीचे मूळ हेच की आपण मापतच नाही.

मापण्याची विद्या आपल्याकडे नाही असेही म्हणता येत नाही. पुण्याला पाषाणच्या रस्त्यावर १९५० सालापासून उभी असलेली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा झिओलाइटच्या विषयात भारताची अग्रणी संस्था आहे. पॉल रत्नसामी यांच्या नेतृत्वाखाली तेथे तयार झालेले एन्सिलाइट हे झिओलाइट उत्प्रेरक १९८० च्या दशकात बडोद्याच्या पेट्रोरसायन प्रकल्पात झायलीनच्या कामी लागले, आणि ज्या तंत्रासाठी आपण परदेशाकडे हात पसरत होतो ते आपल्या माणसांनी स्वतः सिद्ध केले. एवढी विद्या हाताशी असूनही कच्च्या मालाच्या बाबतीत आपण किती परावलंबी आहोत, याचे प्रत्यंतर मे २०२१ मध्ये आले. प्राणवायूअभावी माणसे तडफडत असताना, हवेतून तो वेगळा काढणाऱ्या यंत्रांसाठी लागणारे झिओलाइट एअर इंडियाच्या विमानांतून रोमहून बंगळूरला आणावे लागले. ते कृत्रिम झिओलाइट होते, आणि त्या कामाला सह्याद्रीचा खडा जसाच्या तसा चालला नसता, हे मी जाणतो. पण ज्या राज्याचा डोंगरन्‌डोंगर या खनिजांनी भरलेला आहे तेथे त्याचे शुद्धीकरण, रूपांतर आणि परीक्षण करणारा उद्योग आधीपासून नांदत असता, तर त्या महिन्यात आपले हात इतके रिकामे राहिले नसते, असे मला वाटते.

कोणी म्हणेल की आता दगडाचे दिवस संपले. २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक धातू आणि सेंद्रिय दुवे यांच्या सच्छिद्र जाळ्यांच्या शोधासाठी सुसुमु कितागावा, मेलबर्न विद्यापीठाचे रिचर्ड रॉबसन आणि ओमर यागी या तिघांना मिळाले, आणि एथिलीन-इथेनची फारकत करण्यात या नव्या जाळ्यांचे कर्तृत्व खरोखर थक्क करणारे आहे. त्यांच्याविषयी मला अत्यंत आदर आहे. परंतु किलोच्या भावाने विकत घ्यावयाची वस्तू आणि टनाच्या भावाने मिळणारी वस्तू यांची कामे निराळी असतात, आणि शेतकऱ्यांच्या सहकारी साखर कारखान्याने प्रेसमडपासून, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेल्या चोथ्यापासून, केलेला वायू शुद्ध करण्यासाठी पहिली परवडेल असे आज तरी दिसत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, आणि कॅमेलियाच्या भूमीवर त्याची आठवण विशेष तीव्रतेने होते. याच भागात जेम्स हार्डी कंपनीचा ॲस्बेस्टॉसचा कारखाना होता. त्या धुळीने फुफ्फुसे निकामी झालेल्या कामगारांपैकी बर्नी बँटन यांनी भरपाईसाठी दिलेला लढा साऱ्या ऑस्ट्रेलियाने पाहिला, आणि २००७ साली ते त्या धुळीने जडलेल्या व्याधीनेच गेले. निसर्गाच्या खनिजाला नैसर्गिक म्हणून निरुपद्रवी मानणे किती घातक असते याचा हा धडा झिओलाइटलाही लागू पडतो, कारण त्यांतील एरिओनाइट नावाचे तंतुमय खनिज तुर्कस्तानात कॅपाडोशिया प्रांतातील काराइनसारख्या गावांत कर्करोगाने घरेच्या घरे ओस पाडण्यास कारण झाले आहे. म्हणून कोणत्याही खाणीचा खडा दळण्यापूर्वी त्यात तंतुमय जाती आहेत किंवा नाहीत हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेच पाहिजे, आणि हा खर्च स्वस्ताईच्या नावाखाली टाळणाऱ्याच्या हाती परवाना जाता कामा नये.

आता सरकारने करावयाचे ते काय? नागपूरच्या भूविज्ञान व खनिकर्म संचालनालयाने दगडखाणींच्या परवान्यांच्या नूतनीकरणाच्या वेळी खाणनिहाय नमुने घ्यावेत. त्यांतील खनिज कोणते, प्रमाण किती, तंतू आहेत काय, तापविल्यावर सांगाडा किती अंशांपर्यंत टिकतो, आणि मिथेन, कार्बन डायऑक्साइड, सरळ व शाखायुक्त ब्यूटेन यांपैकी तो काय किती धरतो, याची मोजदाद पुण्याच्या प्रयोगशाळेने व आपल्या विद्यापीठांनी करावी. आणि हा तपशील मराठीत, सर्वांना वाचता येईल असा प्रसिद्ध व्हावा. आरंभासाठी पुणे, नाशिक आणि जळगाव एवढे तीन जिल्हे पुरेत. पहिला ग्राहकही दूर शोधावा लागणार नाही. २०१८ साली केंद्राने ‘सतत’ योजना जाहीर केल्यापासून साखर कारखान्यांच्या आवारात बायोगॅसचे प्रकल्प होऊ लागले आहेत. त्या वायूत मिथेन ५५ ते ६० टक्के असते, आणि वाहनात भरण्याजोगा होण्यासाठी ते ९० टक्क्यांच्या वर न्यावे लागते. पालोस व्हर्डेसला पन्नास वर्षांपूर्वी झाले ते काम हेच. झिओलाइट कार्बन डायऑक्साइडच्या आधी पाणीच ओढून घेत असल्यामुळे वायू अगोदर कोरडा करावा लागेल, त्यातील हायड्रोजन सल्फाइड काढावा लागेल, आणि नैसर्गिक खनिजाची धारणशक्ती कमी असल्यामुळे त्याचा थर कृत्रिमाहून मोठा घ्यावा लागेल. पण ज्या कारखान्याच्या आवारात जागेची वाण नाही आणि ज्याच्या पन्नास कोसांच्या आत खाण आहे, त्याला मोठा थर जड जाऊ नये. वर्षानुवर्षांच्या वापराने थकलेले खनिज, त्यात विषारी अंश उरलेला नाही याची खात्री करून घेतल्यावर, उसाच्या शेतात खतातील अमोनिया धरून ठेवण्यासाठी टाकता येईल, आणि वेरिस क्रीकच्या मालाचा मोठा खप आजही शेतीतच आहे.